कोंबड्याखालचा बुरूज

बोलोन्याचा न्यायाधीश परगावचाच लागतो. गावातल्या माणसाला त्या खुर्चीवर बसवलं तर तो मेहुण्याच्या बाजूनं निकाल देईल, अशी शहराला खात्री होती, आणि शहर स्वतःला पुरतं ओळखून होतं. म्हणून दर खेपेला दूरच्या गावाहून एक कायदेपंडित मागवायचा, त्याला न्यायमहालात जवळजवळ कोंडून ठेवायचा, गावात कुणाकडे जेवायला जाऊ द्यायचा नाही, कुणाकडून टोपलीभर अंजीर घेऊ द्यायचे नाहीत, आणि मुदत संपली तरी लगेच सोडायचा नाही. आधी चौकात दवंडी पिटायची, की ह्या गृहस्थाविरुद्ध कुणाला काही सांगायचं असेल तर सांगा. सगळं निस्तरलं की मगच त्याचं खेचर वेशीबाहेर पडे.

येताना मात्र त्याचा मान ठेवत. साक्षीदार ज्यावर हात ठेवून शपथ घेतात त्या जाडजूड पुस्तकात नव्या न्यायाधीशाच्या कुळाची ढाल रंगवली जाई. पहिल्या पानाच्या पायथ्याशी हिरव्या पानांचा एक हार होता, तो दोन पंखवाल्या उघड्या पोरांनी धरला होता, आणि हाराच्या आत ढाल. पुस्तक तेच, हार तोच, पोरंही तीच. न्यायाधीश बदलला की ढाल तेवढी बदलायची. हे काम ओर्सोलिनाचं.

ओर्सोलिना ही बर्नाबो चिताऱ्याची विधवा. मोठ्या चर्चच्या मागच्या कमानींखाली तिचं दुकान होतं. त्या दुकानात पुस्तकं लिहिली जात नसत की विकली जात नसत. तिथं पुस्तकांचे मालक बदलत.

त्याचं असं होतं. फ्लॉरेन्सचे पुस्तकवाले श्रीमंती पुस्तकं आधीच तयार करून ठेवत. करडाच्या कातड्याची पानं, मोत्यासारखं अक्षर, सोनं, निळा रंग, आणि पायथ्याशी हार. हाराच्या आत मात्र कोरं. म्हणजे मांडव घातलेला, वाजंत्री बसलेली, हार तयार, फक्त नवरदेव ठरायचा. जो पैसे मोजेल त्याची ढाल आत बसे. पुढे तो नवरदेव कर्जात बुडे, हद्दपार होई किंवा नुसताच मरे, आणि पुस्तक दुसऱ्याच्या घरी नांदायला जाई. दुसऱ्याला पहिल्याची ढाल बघवत नसे. मग तो पुस्तक फडक्यात गुंडाळून ओर्सोलिनाकडे येई आणि म्हणे, की पुस्तक पिढीजात आमचंच आहे, ढाल जरा पुसट झालीय इतकंच. ओर्सोलिना म्हणे, होतं असं दमट हवेनं. आणि गरुडाच्या जागी मासा काढून देई.

जुनी ढाल खरवडली तर कातडं पातळ होतं. वर सफेद्याचा हात देऊन नवी रंगवली तर काम सुबक होतं आणि लवकर होतं. त्यामुळे शहरातल्या बहुतेक थोर घराण्यांच्या थोर ग्रंथांत एका ढालीखाली दुसरी ढाल झोपलेली होती, आणि कुणाच्या खाली कोण झोपलंय हे एकट्या ओर्सोलिनाला पाठ होतं. ती कुणाकडे बोलत नसे. तिचं खरं भांडवल हेच. रंग काय, कुणीही कालवतो.

दुकानाला एकच धोका होता आणि तो तिच्याच ओट्यावर बसून सॉसेज खात असे. गास्पारे, तिचा धाकटा दीर. चिताऱ्यांच्या पंचायतीचा नियम होता, की विधवेनं नवऱ्याचं दुकान खुशाल चालवावं, पण तिच्याविरुद्ध न्यायालयाची एक जरी तक्रार आली तर दुकान नवऱ्याच्या भावाकडे जावं. गास्पारेला सरळ रेघ ओढता येत नव्हती. दुकान आपल्याकडे येईल ह्या विचारानं त्याला घाम फुटे, कारण मग काम करावं लागलं असतं. वहिनीचं भलं व्हावं असं शहरात त्याच्याइतकं मनापासून कुणालाच वाटत नव्हतं.

त्या वर्षी वसंतात सिएनाहून मेस्सेर लात्तान्झिओ न्यायाधीश म्हणून आले. मेस्सेर म्हणजे तिकडचं रावसाहेब. उंच, सडपातळ, नाकावर शाईचा डाग, आणि आपल्या नावानं एखादा नियम मागे राहावा अशी इच्छा. न्यायाधीशांत अशी इच्छा फार वाईट. लाचखाऊ माणसाचा भाव तरी ठरलेला असतो. ओर्सोलिनानं त्यांची ढाल शपथेच्या पुस्तकात रंगवली: तांबड्या जमिनीवर चांदीचं साळिंदर. रंगवता रंगवता तिला वाटलं, हे जनावर आपल्या ओळखीचं आहे. काटे काढायला घेतले तेव्हा आठवलं, कुठं भेटलं होतं ते. तेव्हा तिला गंमत वाटली. गंमत वाटण्याचे दिवस थोडेच उरले होते.

कारण लगेच काउंट एर्कोलानो रोंदिनारा आणि रेशीमवाले गालेओत्तो त्रेक्काली ह्यांचा खटला उभा राहिला. खटला एका पुस्तकाचा होता. जुन्या रोमन काळातल्या प्रेमकविता, फ्लॉरेन्सचं काम, प्रत्येक कवितेचं पहिलं अक्षर सोन्याचं आणि वेलीत गुंडाळलेलं. पुस्तक सध्या गालेओत्तोच्या घरी होतं आणि त्याच्या हारात त्रेक्कालींचा हिरवा कोंबडा होता. एर्कोलानोचं म्हणणं, कोंबडा वरून आलाय, खाली आमचा बुरूज आहे. माझ्या वडिलांनी ह्याच्या वडिलांना पुस्तक नुसतं वाचायला दिलं होतं. गालेओत्तोचं म्हणणं, वाचायला नाही, रोख घेऊन विकलं होतं. दोघांचे बाप वारलेले. लेखी काही नाही. आणि दोन्ही बापांना लॅटिनचं एक अक्षर येत नव्हतं हे जगजाहीर असल्यामुळे 'वाचायला दिलं' ह्यावर भर न्यायालयात लोक हसले.

एर्कोलानो चिडले. ते म्हणाले, "खरवडा ना कोंबडा. बुरूज निघाला नाही तर मी नाव बदलीन."

"बुरूज निघेल हो," गालेओत्तो म्हणाला, "पण तो काय आभाळातून पडला? त्याच्याखाली खरवडा. तिथंही कुणीतरी असेलच. तुमच्या घराण्यात नवीन वस्तू आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही."

हे तो नुसता टोमणा म्हणून बोलला. पण मेस्सेर लात्तान्झिओंचे डोळे चमकले. ज्या नियमासाठी ते डोंगर ओलांडून आले होते तो समोर चालत आला होता. त्यांनी सांगितलं, की जमिनीच्या वादात कुंपण पडलेलं असलं तर पाया खणून बघतात. पुस्तकालाही पाया असतो. लेखी पुरावा नसेल तेव्हा सर्वांत खालची ढाल ज्याची, पुस्तक त्याचं. तो हयात नसेल तर त्याच्या वारसाचं. आणि हा नियम ह्यापुढे शहरातल्या प्रत्येक वादग्रस्त पुस्तकाला लागू. पुढच्या गुरुवारी चितारीण ओर्सोलिनानं हत्यारं घेऊन हजर राहावं आणि भर न्यायालयात थरामागून थर खरवडावा.

पुकाऱ्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून हुकूम वाचून गेला. ओर्सोलिना हिरवा रंग खलत होती. तिचा हात थांबला नाही, पण रंग गरजेपेक्षा जास्त बारीक झाला.

त्या पुस्तकाची सगळी जन्मकुंडली तिला ठाऊक होती. ते प्रथम बनलं सिएनाच्या एका गृहस्थासाठी. हौशी माणूस, त्याला नुसता रंग चालला नाही. हारातल्या साळिंदराचा एकेक काटा त्यानं खडूच्या लेपानं उठवून घेतला आणि वर चांदीचा वर्ख चढवला. पुढे सिएनात त्याचा पक्ष हरला. घर पाडलं गेलं, माणसं गावोगाव पांगली ती फार वर्षांनी परतली, पुस्तकं गाढवांवर लादून विकली गेली. हे त्यातलं एक. बोलोन्यात ते एर्कोलानोच्या बापानं घेतलं, आणि साळिंदरावर सफेदा लावून बर्नाबोनं बुरूज रंगवला. काटे उठावाचे असल्यामुळे ते काही सपाट होईनात, म्हणून बर्नाबो आठवडाभर शिव्या घालत होता. बुरूज झाला तो जरा खडबडीत झाला. एर्कोलानोचा बाप म्हणाला, दगडी वाटतो, छान. नंतर त्या बुरुजावर खुद्द ओर्सोलिनानं कोंबडा बसवला. पुस्तक विकलं होतं की दिलं होतं हे मात्र तिलाही माहीत नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं. विचारणाऱ्याकडे असली कामं येत नाहीत.

म्हणजे गुरुवारी कोंबड्याखाली बुरूज निघणार, बुरुजाखाली साळिंदर निघणार, आणि साळिंदर समोरच्या खुर्चीवर बसलेलं असणार. ज्या माणसाला टोपलीभर अंजीर घ्यायला बंदी, त्याला त्याच्याच नियमानं शहरातलं सर्वांत देखणं पुस्तक मिळणार. शहर काय म्हणेल? शहर म्हणेल, आत्ताच ह्या बाईनं ह्याच माणसाचं साळिंदर काढलं होतं. हाताला वळण होतंच, आणखी एक घुसवलं. मुदतीनंतरच्या दवंडीला लोक रांग लावतील. आणि न्यायाधीश आपली मान सोडवायला सर्वांत आधी तिच्याकडे बोट दाखवील. खरं तेवढंच बाहेर येणार होतं, आणि तेच लाच ठरणार होतं. बरं, नाही म्हणावं, तर हुकूम मोडला म्हणून तक्रार. कसंही केलं तरी दुकान गास्पारेचं.

गास्पारेनं हे सगळं ऐकून खाणं खाली ठेवलं, यावरून प्रसंग ओळखावा.

"वहिनी, आपण मोदेनाला जाऊ," तो म्हणाला. "तिथं माझा एक मित्र आहे."

"त्याला तुम्ही पैसे द्यायचे आहात, भावोजी."

"मग फेराराला."

"तिथल्यालाही द्यायचे आहेत."

"मग आजारी पडा. हाताला लकवा झाला म्हणा. मी कडेवर घेऊन नेईन न्यायालयात."

"लकव्याच्या बाईचं दुकान कुणाकडे जातं?"

गास्पारेनं विचार केला आणि तो पांढरा पडला. "मी मोदेनाचंच बघतो," तो म्हणाला.

पण मोदेनाला जायला सवड मिळाली नाही, कारण दुकानात माणसं येऊ लागली. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, हा शहराचा जुना शिरस्ता. नव्या नियमानं पहिला भागच धोक्यात आला होता. चर्चचे एक वडीलधारे पाद्री आले. त्यांच्या स्तोत्रांच्या पुस्तकावर बिशपची ढाल होती, तिच्याखाली एका सावकाराची होती आणि त्याच्याखाली एका नाचणारीच्या आश्रयदात्याची. त्यांनी हवापाण्याची चौकशी केली, आणि गुरुवारी न्यायालयात उजेड कितपत असतो हे विचारून गेले. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी सांगून टाकलं, की त्यांच्या कायद्याच्या ग्रंथाखाली ज्याचं नाव आहे त्याचा मुलगा सध्या पलीकडच्याच गल्लीत राहतो आणि तो फार तापट आहे. एका विधवा सरदारणीनं काहीच सांगितलं नाही. ती खुर्चीवर बसून रडली आणि एक बदक ठेवून गेली. गंमत म्हणजे गुरुवारच्या आदल्या दिवशी गालेओत्तो स्वतः आला. तो म्हणाला, खटला हरलो तरी चालेल, पण बाई, आमच्या घरात हे एकच पुस्तक नाही.

सगळ्यांना एकच हवं होतं: ओर्सोलिनानं काहीतरी करावं. काय, हे कुणालाच सुचत नव्हतं. तिनं प्रत्येकाला सांगितलं की चिंता नको, सुरी माझ्या हातात आहे. हे ती दिलासा म्हणून बोलली. बदक स्वीकारलं तेव्हा मात्र आपण बोलतोय ते खरंच आहे, असं तिला वाटलं. सुरी तिच्या हातात होती. हुकुमात काय खरवडायचं ते होतं. पण काम कसं करायचं हे कुठल्याही न्यायाधीशाला ठाऊक नसतं, ते कारागिरालाच विचारावं लागतं. आणि कारागीर काम सुरू करण्याआधी नेहमी एक गोष्ट करतो. तिनं गास्पारेला बदक सोलायला बसवलं आणि सुरीला धार लावायला घेतली.

गुरुवारी न्यायालयात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी डुकरांच्या आणि गटारांच्या खटल्यांना जिथं कुणी फिरकत नसे, तिथं पुढच्या बाकांवर मखमलीच मखमल दिसत होती. एर्कोलानो आणि गालेओत्तो शेजारी शेजारी बसले होते. आठवड्याभराच्या भीतीनं दोघांत एक प्रकारचा स्नेह उत्पन्न झाला होता. मेजावर प्रेमकवितांचं पुस्तक उघडं ठेवलं होतं, आणि त्याच्या बाजूला शपथेचं पुस्तक. वृद्ध कारकून कोपऱ्यात लेखणी घेऊन बसला होता. त्याच्या हयातीत इतके न्यायाधीश येऊन गेले होते, की तो त्यांना ढालीवरूनच ओळखायचा; नावं पाठ करायचं त्यानं कधीच सोडून दिलं होतं.

ओर्सोलिनानं सुरी, घासायचा झामा दगड, घोटायचा गुळगुळीत गोटा आणि हरणाच्या कातड्याचा तुकडा ओळीनं मांडला. मग ती दोन्ही हात मागे बांधून उभी राहिली.

मेस्सेर लात्तान्झिओ म्हणाले, "सुरुवात करा."

"करते, मेस्सेर. पण काम सुरू करण्याआधी आम्ही सुरी दुसरीकडे चालवून बघतो. माझा सफेदा किती घट्ट बसलाय, कातडं किती सोसेल, हे कळायला हवं. नाहीतर वाद ज्या पुस्तकाचा त्यालाच भोक पडायचं, मग मालक कुणीही ठरो."

"योग्य आहे," न्यायाधीश म्हणाले. काळजीपूर्वक काम करणारी माणसं त्यांना आवडत.

"माझ्याच हातचं, माझ्याच सफेद्याचं काम हवं. असं एकच पुस्तक इथं आहे." तिनं शपथेच्या पुस्तकाकडे बघितलं. "न्यायालयाची परवानगी असेल तर. नंतर होतं तसं करून देईन."

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. पुढच्या बाकावरच्या पाद्र्यांनी डोळे मिटले. प्रार्थनेसाठी की कसे, ते कळलं नाही. मेस्सेर लात्तान्झिओंनी क्षणभर विचार केला. सुरी चालवून बघण्यात त्यांना काही वावगं दिसेना. त्यांनी मान हलवली.

ओर्सोलिनानं शपथेचं पुस्तक पुढे ओढलं, हारावर तोंडाची वाफ सोडली आणि साळिंदराच्या शेपटीकडून सुरुवात केली. ती घाईत नव्हती. चांदीचे कण कातड्याच्या तुकड्यावर झाडत होती, थांबत होती, पुन्हा वाफ सोडत होती. सभागृहात सुरीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. अर्धं साळिंदर गेलं आणि सफेद्याखालून निळं काहीतरी वर आलं. मग दोन पिवळे मासे.

"हे कुणाचे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तुमच्या आधीचे न्यायाधीश, मेस्सेर. लुक्काचे होते. त्यांना आंबट वाइन आवडायची."

"ठीक. सुरी चालते. आता तिकडचं बघा."

ओर्सोलिना हलली नाही. "खाली आणखी आहे," ती म्हणाली.

"असू द्या."

"माशांखाली पेरुजाचे एक आहेत. त्यांच्या ढालीवर घंटा होती. घंटेखाली असेच आणखी, आणि शेवटी कुणीतरी रिमिनीचं, ते माझ्या नवऱ्याच्या वेळचं. ते सगळे वारले, पण वारस असतीलच. मेस्सेर, हुकूम असा आहे, की सर्वांत खाली जो सापडेल तो मालक. मी चितारीण, मला कायदा कळत नाही, म्हणून विचारते. ह्या पुस्तकावर हात ठेवून शहर खरं बोलतं. मग हे न्यायालय कुणाचं, हे कळेपर्यंत खरवडत जाऊ का?"

कुणी हसलं नाही. हसण्याची वेळ अजून आली आहे की नाही ह्याचा अंदाज घेण्यात सगळे गुंतले होते. मेस्सेर लात्तान्झिओंनी अर्ध्या साळिंदराकडे बघितलं. त्याचं तोंड आणि पुढचे पाय शिल्लक होते, मागचा भाग माशांत बुडाला होता.

"आणि अगदी तळाशी?" त्यांनी विचारलं. आवाज शांत होता. "रिमिनीच्याही खाली?"

"करडाचं कातडं, मेस्सेर."

"म्हणजे माझ्या नियमानं न्यायालय करडाचं."

"तसं मी म्हटलं नाही."

"आणि ह्या कवितांच्या पुस्तकाच्या तळाशी?"

"तिथंही करडूच," ओर्सोलिना म्हणाली. "पण दुसरं."

तेव्हा हशा पिकला. एर्कोलानो हसताना गालेओत्तोच्या खांद्यावर रेलले. न्यायाधीश हसले नाहीत, पण त्यांनी हसू दाबलं असावं, कारण त्यांचे कान हलले. हा माणूस नियमाचा हट्टी होता, मूर्ख नव्हता. मूर्ख असता तर ओर्सोलिनानं हा बेत केलाच नसता. मोदेनाला गेली असती.

हशा ओसरल्यावर ते म्हणाले, की चितारणीचा प्रश्न रास्त आहे. ढाल म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. ज्याच्या हाती वस्तू होती त्याला ती आपली म्हणवून घ्यायची हौस होती, एवढाच ढालीचा अर्थ. आधीचा हुकूम मागे. पुढच्या बाकांवरून एक लांबलचक सुस्कारा निघाला. मखमल एकदम सैल झाली. कारकून भराभर लिहू लागला.

"आता निकाल द्यायचा तर पुस्तक बघू तरी," न्यायाधीश म्हणाले, आणि त्यांनी कवितांचं पुस्तक स्वतःकडे ओढलं.

हे ओर्सोलिनाच्या हिशेबात नव्हतं.

त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. पानं करकरत होती. पहिलं पान सोडलं तर आतल्या पानांना माणसाचं बोट कधी लागलेलंच नव्हतं. इतक्या घरांत ते राहून आलं, पण कुणी कवितेपर्यंत पोचलं नव्हतं. मेस्सेर लात्तान्झिओ मात्र एका कवितेवर थांबले. त्यांचे ओठ हलले. ते वाचत होते, आणि ते वाचणं जरा लांबलं. गालेओत्तो अस्वस्थ झाला. पुस्तकात असं काही वाचण्यासारखं असेल तर ते आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही, असा त्याचा चेहरा झाला.

मग ते पहिल्या पानाकडे परत आले. हारातला हिरवा कोंबडा त्यांनी बघितला. सभागृहात उजेड बेताचाच. त्यांनी पुस्तक उचलून खिडकीकडे तिरपं धरलं.

ढाल कुणी कधी तिरपी बघत नाही. ढाल समोरून बघायची असते, मालकानं दाखवली तशी. पण तिरप्या उजेडात रंग मावळतो आणि उठाव वर येतो. कोंबड्याच्या शेपटाखाली, बुरुजाच्या दगडांखाली, बर्नाबोनं आठवडाभर शिव्या घालूनही जे सपाट झाले नव्हते ते काटे एकेक करून उभे राहिले. ओर्सोलिना जिथं उभी होती तिथून ते तिलाही दिसले.

न्यायाधीशांनी अंगठ्याचं पेर त्या उठावावरून हळूच फिरवलं, आंधळा माणूस नातवाचा चेहरा चाचपतो तसं. मग त्यांनी ओर्सोलिनाकडे बघितलं. तिनं नजर खाली घातली नाही. खाली घातली असती तर आपण काही केलं आहे असा अर्थ झाला असता, आणि तिनं काहीच केलं नव्हतं. फक्त ठाऊक होतं. ठाऊक असण्याचा गुन्हा अजून शहराच्या कायद्यात नव्हता. ह्या माणसाच्या एका शब्दानं तो आजपासून सुरू झाला असता. मागे कुठंतरी गास्पारेनं खोकला दाबला.

मेस्सेर लात्तान्झिओंनी पुस्तक मिटलं. त्यांनी ते लगेच हातातून सोडलं नाही. थोडा वेळ तळव्यावर वजन केल्यासारखं धरून ठेवलं. मग कारकुनाला सांगितलं: विकलं की उसनं दिलं, हे सिद्ध होत नाही. ज्याच्या घरी पुस्तक इतकी वर्षं उघडपणे होतं, त्याच्याच घरी ते राहावं. पुस्तक गालेओत्तो त्रेक्कालींचं. ह्या पुस्तकावर दुसऱ्या कुणाचाही दावा न्यायालयासमोर नाही.

'दुसऱ्या कुणाचाही' हे शब्द त्यांनी सावकाश उच्चारले, लिहिणाऱ्याला वेळ मिळावा तसे.

गालेओत्तो पुढे आला आणि त्यानं दोन्ही हातांनी पुस्तक घेतलं. न्यायाधीश त्याला म्हणाले, "मधली एखादी कविता कुणाकडून तरी वाचून घ्या. पुस्तक चांगलं आहे." गालेओत्तोनं तसं वचन दिलं. तो ते पाळील असं कुणाला वाटलं नाही, न्यायाधीशांनाही नाही.

एर्कोलानोंनी हरल्याचं फारसं मनावर घेतलं नाही. त्यांच्या घरी आणखी पुस्तकं होती आणि आता ती सगळी त्यांचीच होती. मखमल उठून दाराकडे सरकू लागली. पाद्र्यांनी जाताना ओर्सोलिनाला आशीर्वाद दिला, नेहमीपेक्षा मोठा. ती हत्यारं गुंडाळत होती. तिनं गोटा उगाचच दोनदा पुसला.

"बाई," न्यायाधीशांनी हाक मारली. ते शपथेच्या पुस्तकाकडे बोट दाखवत होते. "हे पूर्ववत करून द्यायचं म्हणालात."

"उद्याच देते, मेस्सेर."

"काटे जरा ठळक काढा. मागच्या वेळी फार लहान झाले होते. नीट बघितल्याशिवाय दिसतसुद्धा नव्हते."

कारकुनानं मान वर केली. शपथेच्या पुस्तकातले काटे चांगले बोटाच्या पेराएवढे होते आणि दारातूनही दिसत असत. पण न्यायाधीशांना दुरुस्त करायचं त्यानं कधीच सोडलं होतं.

"फ्लॉरेन्सचं काम तसंच असतं, मेस्सेर," ओर्सोलिना म्हणाली. "नाजूक. मी ठळक काढते."

"सावकाश काढा. घाई नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढचा खटला बोलावला. तो दोन शेजाऱ्यांच्या डुकरिणीबद्दल होता, आणि तिच्या अंगावर कुणाचीच ढाल नव्हती.